आमच्या गाडीतला टेक्निशियन: तो काय करील, काय करणार नाही आणि का

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातल्या आमच्या ग्राहकांसाठी

आमची रुग्णवाहिका दारात येते तेव्हा तिच्यातून दोघं उतरतात. एक चालक आणि दुसरा आपत्कालीन वैद्यकीय टेक्निशियन, म्हणजे ईएमटी. घरची मंडळी त्याला सवयीनं ‘डॉक्टर’ म्हणतात. तो डॉक्टर नाही, आणि असल्याचं भासवायचं नाही, असं आम्ही त्याला पहिल्या दिवशीच बजावलेलं असतं. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यानं आरोग्यक्षेत्रातल्या सहायक व्यवसायांची जी यादी केली, तिच्यात या कामाची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे त्याचं काम ठरलेलं आहे आणि त्याच्या मर्यादाही. ऐन गडबडीत तो एखाद्या गोष्टीला ‘नाही’ म्हणाला की घरच्यांना राग येतो. तो राग आम्ही समजू शकतो. म्हणूनच त्यामागची कारणं निवांत वेळी वाचायला मिळावीत यासाठी हे पत्रक.

श्वासमार्ग मोकळा करणं, ऑक्सिजन लावणं, छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न करणं, रक्तस्राव थांबवणं, मोडलेल्या हाडाला आधार देणं, बीपी, साखर आणि ईसीजी बघणं, वाटेत बाळंतपण झालं तर ते नीट पार पाडणं, हे सगळं तो करतो. इंजेक्शन मात्र फोनवर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देत नाही. दिलं, तर डॉक्टरांचं नाव, औषध, मात्रा आणि वेळ लगेच कागदावर लिहितो. ‘लिहीत काय बसलाय, गाडी काढा’ असं कुणी म्हणालं तरी तो लिहिणारच, कारण दवाखान्यातल्या डॉक्टरांचं पुढचं औषध त्याच कागदावरून ठरतं. जखमेला टाके घालणं, गोळ्या लिहून देणं, ‘आलाच आहात तर ताकदीचं एक सलाईन लावून जा’ ही विनंती मान्य करणं, हे त्याच्या अधिकारात नाही. जास्त पैसे देऊ केले तरी नाही.

‘गेले का हो?’

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. नाडी लागत नाही, श्वास नाही, आणि दाराशी उभी मुलं टेक्निशियनच्या तोंडाकडे बघत असतात. मृत्यू जाहीर करण्याचा आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला देण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे, त्यामुळे ‘गेले’ हा शब्द तो उच्चारणार नाही. पण म्हणून खोटी आशाही दाखवणार नाही. ‘नाडी लागत नाही, श्वास थांबलाय, आम्ही प्रयत्न करतोय,’ एवढं तो स्पष्ट सांगेल. यापेक्षा गोड बोलणं म्हणजे तुमची फसवणूक ठरेल.

अशा वेळी तो पेशंटला गादीवरून खाली जमिनीवर घ्यायला सांगतो. आजारी माणसाला फरशीवर का ठेवायचं, असं घरच्यांना वाटतं. पण छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि दर वेळी ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावी लागते. कापसाची गादी खाली असेल तर बराच जोर गादीतच जातो. ‘आधी उचला, गाडीत घाला’ हा आग्रहही अशा वेळी नडतो. जांबोटीच्या वळणांवर धावत्या गाडीत उभं राहून छाती नीट दाबता येत नाही. म्हणून काही मिनिटं तो जिथल्या तिथेच काम करतो, आणि ती मिनिटं वाया जात नसतात. शरीर ताठरलं असेल, म्हणजे बराच वेळ उलटून गेल्याच्या उघड खुणा असतील, तर केवळ समाधानासाठी छाती दाबण्याचं नाटक तो करणार नाही. तसं तुम्हाला सांगेल आणि डॉक्टरांना बोलवायला लावील.

हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क पेशंटचा

शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाला हात लावण्याआधी त्याची परवानगी घ्यायची, हा नियम आहे. मुलगा कितीही कर्ता असला तरी शुद्धीतल्या आईचा निर्णय आईचाच. समोरच्या माणसाला काय होतंय, आपण काय करणार आहोत आणि नाही केलं तर काय होईल, हे त्याला कळेल अशा भाषेत सांगावं लागतं. आपल्या भागात पोलिसांचे कागद कानडीत, दवाखान्याचे इंग्रजीत आणि घरातली आजी फक्त मराठी बोलणारी. अशा आजीचा अंगठा न समजलेल्या कागदावर घेतला तर त्याला आम्ही संमती मानत नाही. आमचे टेक्निशियन मराठी आणि कानडी दोन्ही बोलतात. कागद वाचून दाखवा असं हक्कानं सांगा.

समजून-उमजून कुणी ‘मला यायचं नाही’ म्हणालं, तर जबरदस्तीनं नेता येत नाही. धोका पुन्हा एकदा सांगून, साक्षीदारासमोर तसं लिहून घेऊन गाडी परत येते. पण प्रत्येक ‘नाही’ हा खरा नकार नसतो. साखरेचा पेशंट घामानं चिंब झालाय, अंगावर ओरडतोय, हात झटकतोय, ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतोय. शेजारी म्हणतात प्यायलाय, सोडा. टेक्निशियन बोटाला सुई टोचून साखर बघतो आणि आकडा ४० च्या घरात निघतो. हा माणूस निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसतो, त्याचा मेंदू साखरेवाचून अडलेला असतो. डोक्याला मार लागून बरळणाऱ्याचंही तसंच. अशा माणसाचा नकार धरून निघून येणं ही आम्ही मोठी चूक मानतो. बेशुद्ध माणसाबाबत तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३० स्पष्ट आहे: संमती द्यायला तो असमर्थ असेल, त्याच्या वतीनं ती देणारं कुणी वेळेत मिळणार नसेल, तर त्याच्या भल्यासाठी सद्हेतूनं केलेली कृती गुन्हा ठरत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची परवानगी घेतो. मूल गंभीर असेल आणि पालक शेतात असतील तर वाट बघत बसत नाही.

कुठल्या दवाखान्यात न्यायचं?

निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटरच्या आसपास, बेळगाव जवळजवळ दुप्पट. खानापूरच्या पश्चिमेकडची गावं एका बाजूला बेळगावकडे आणि दुसऱ्या बाजूला गोव्याकडे बघतात. राज्याची हद्द पेशंटला आडवी येत नाही, येऊही नये. टेक्निशियन विचार करतो तो एकाच गोष्टीचा: या पेशंटला लागणारी सोय सगळ्यात लवकर कुठे मिळेल? पक्षाघाताची लक्षणं असतील तर सीटी स्कॅन असलेलं ठिकाण हवं, कारण गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. साप चावला असेल तर प्रतिविष शिल्लक आहे का हे फोनवर विचारूनच गाडी तिकडे वळते. जवळचा दवाखाना आणि योग्य दवाखाना दर वेळी एकच असतो असं नाही.

पेशंट स्थिर असेल तर निवड तुमची. बेळगावचं सिव्हिल म्हणा, तिथलंच केएलई म्हणा, कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय म्हणा. जीव धोक्यात असेल तर तो आपलं मत ठामपणे सांगेल, आणि तरीही तुम्ही दुसरीकडे न्यायला लावलंत तर तसं कागदावर लिहील. पेशंट नेऊन दिल्याबद्दल दवाखान्याकडून पैसे घेणं आमच्याकडे पूर्ण बंद आहे. असं कमिशन घेणारा माणूस तुमच्या जिवाचा सौदा करत असतो, त्याला दुसरं नाव नाही. आमच्या कुणी कर्मचाऱ्यानं एखाद्या दवाखान्यासाठी विनाकारण गळ घातली, तर त्याच दिवशी कळवा.

आणखी एक. आमची गाडी लांब असेल तर आम्हीच तुम्हाला १०८ लावायला सांगू. ती सेवा मोफत आहे. सीमेलगतच्या गावात मोबाइलला कधी कर्नाटकाचा टॉवर मिळतो, कधी महाराष्ट्राचा. म्हणून बोलायला लागताच आधी राज्य, तालुका आणि गाव सांगा, त्रास काय होतोय ते मागाहून. भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवाळीसारख्या गावांतून पेशंटला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, हे आम्हाला ठाऊक आहे. तिथल्या लोकांनी निघतानाच फोन करावा, रस्त्यावर पोचल्यावर नको.

अपघात आणि पोलीस

‘पंचनामा झाल्याशिवाय हात लावू नका’ हे अजूनही महामार्गावर ऐकू येतं, आणि त्यापायी माणसं जातात. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात निकाल दिला की जीव वाचवणं आधी, कायद्याचे सोपस्कार मागून. सरकारी डॉक्टर असो की खासगी, दोघांनाही हे बंधन आहे. जखमीला उचलून आणणाऱ्या वाटसरूला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे. त्यानं स्वतःचं नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. कर्नाटकनं तर अशा मदतनिसांसाठी वेगळा कायदाच केला आहे. तेव्हा अपघात बघून पुढे निघून जाऊ नका. आमचा टेक्निशियन मात्र पगारी कामावर असतो. त्यानं काय पाहिलं, काय केलं, हे पोलिसांनी विचारलं तर खरं सांगणं त्याला भाग आहे. ‘गाडी मुलगा चालवत नव्हता असं लिहा’ अशी विनवणी कृपा करून त्याला करू नका.

कपडे कापावे लागले तर तो वार किंवा छिद्र असलेली जागा सोडून कापतो आणि ते कागदी पिशवीत ठेवतो, कारण उद्या तोच पुरावा असतो. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं त्याला बंधनकारक आहे. तिथे ‘घरातलं घरात ठेवा’ चालणार नाही.

अपघातग्रस्तांसाठी २०२५ पासून केंद्राची योजना आहे: ठरवून दिलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचार. दवाखान्यात पोचताच त्याबद्दल विचारा.

औषध प्यालेला पेशंट

फवारणीचं औषध कुणी पोटात घेतलं की घरात पहिली धडपड असते ती लपवण्याची. बाटली उकिरड्यात जाते, आणि टेक्निशियनला सांगितलं जातं की पोटात दुखतंय. इथे आम्ही हात जोडून सांगतो: बाटली द्या. झाकण उघडं असलेली, अर्धी सांडलेली, जशी असेल तशी, लेबलासकट. कुठलं औषध होतं त्यावर उतारा ठरतो आणि काही औषधांना उताराच नसतो, तेही डॉक्टरांना लवकर कळावं लागतं. मीठ-पाणी पाजून उलटी करायला लावू नका. पोलीस केसची भीती असेल तर हे वाचा: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि, उलट सिद्ध झाल्याशिवाय, त्याला शिक्षा करायची नाही. दवाखाना नोंद करेल, पोलीस जबाब घेतील, एवढंच. टेक्निशियन गावात कुणाला काही सांगणार नाही. ‘काय झालं हो पाटलांच्या सुनेला?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं, आणि आमच्याकडेही.

याच कारणासाठी गाडीत कुणालाही फोटो किंवा व्हिडिओ काढू देत नाही, नातेवाइकांनाही नाही. बेशुद्ध पेशंटच्या अंगावरचे दागिने, पाकीट, मोबाइल यांची यादी दोघांच्या सह्यांनी होते. यादीत मंगळसूत्राला ‘पिवळ्या धातूचं’ असं लिहिलेलं दिसलं तर वाईट वाटून घेऊ नका. सोनं आहे की नाही हे ठरवणं टेक्निशियनचं काम नाही.

लांबचा प्रवास

बेळगावहून पुणं सुमारे ३४० किलोमीटर. सहा तास धरून चाला. ऑक्सिजनच्या साधारण १५०० लिटरच्या सिलिंडरवर मिनिटाला १० लिटर सोडले तर तो अडीच तासांत रिकामा होतो, १५ लिटर सोडले तर शंभर मिनिटांत. म्हणून निघण्यापूर्वी टेक्निशियन कागदावर हा हिशेब मांडतो आणि वाटेतला खोळंबा धरून जादा सिलिंडर घेतो. पुढच्या दवाखान्यात खाट मिळाल्याचा निरोप आल्याशिवाय गाडी हलत नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसोबत डॉक्टर नसेल तर आम्ही फेरी घेत नाही. भाडं बुडालं तरी चालेल.

पेशंट सोपवताना, आणि तक्रार असेल तर

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर सोडून टेक्निशियनला जाता येत नाही. तिथल्या डॉक्टरांनी किंवा नर्सनी पेशंट ताब्यात घेऊन वेळेसह सही केली की मग त्याची जबाबदारी संपते. आणीबाणीत आधी पैसे भरा म्हणून कुणी दारात अडवलं, तर तो तुमच्या बाजूनं उभा राहील.

चूक आमच्याकडूनही होऊ शकते. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत डॉक्टरांसाठी वैद्यकीय प्रक्रिया करताना ही मर्यादा दोन वर्षांची आहे, पण टेक्निशियनचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीत नसतं, म्हणून ती सवलत त्याला नाही. पैसे घेऊन दिलेली सेवा असल्यानं ग्राहक कायदाही आम्हाला लागू आहे. पेशंटच्या कागदाची प्रत मागा, ती तुम्हाला देणं आमचं काम आहे. आधी आम्हाला लेखी कळवा. आमच्या उत्तरानं समाधान झालं नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथे वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रारीसोबत पावती आणि पेशंटचा कागद, दोन्ही जोडा.