थंडीत कॅमेरा अडला: सेल गारठला की ग्रीस थिजलं?

शून्याखालच्या थंडीत फिल्म कॅमेरा अडला की सगळे आधी सेलला दोष देतात. पुष्कळदा तो खराही असतो. पण त्याच थंडीत आतलं ग्रीसही थिजतं, आणि तिथे नवा सेल घालून काही उपयोग होत नाही.

सेलचं दुखणं उघड असतं. गारठ्यात त्यातली रासायनिक क्रिया मंदावते, व्होल्टेज पडतं आणि प्रकाश मोजणारा मीटर झोपतो. निकॉन एफईसारख्या इलेक्ट्रॉनिक शटरच्या कॅमेऱ्यात लेन्समागचा आरसा वर जाऊन तिथेच अडकतो. असा सेल संपलेला असेलच असं नाही; ऊब मिळाली की तो पुन्हा चालतो. म्हणून सेलचा दुसरा जोड आतल्या खिशात ठेवावा. बटणासारख्या छोट्या सेलांपैकी अल्कलाइन एलआर४४ पेक्षा सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर४४ थंडीत जास्त टिकाव धरतो, लिथियम त्याहून जास्त. एफईवर शटर-वेगाचं डायल एम९० या खुणेला नेलं की सेलशिवायही शटर १/९० सेकंदाला चालतं.

ग्रीसचं दुखणं मला जास्त घातक वाटतं, कारण ते कळतच नाही. मीटर ठीक, आरसा उडतो, आवाजही येतो. रोल धुतल्यावर दिसतं की फ्रेमची एक कड उजळ आणि दुसरी काळवंडलेली आहे. शटरचे दोन पडदे एका वेगाने धावलेले नसतात. निकॉन एफएम२ किंवा पेंटॅक्स के१००० ला सेल फक्त मीटरसाठी लागतो, म्हणून लोक त्यांच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवतात. पण यांत्रिक शटरलाही वंगण असतंच, आणि ते जुनं असेल तर आधीच घट्ट झालेलं असतं. रोल भरण्याआधी कॅमेरा थोडा वेळ बाहेर गार होऊ द्यावा, मग १ सेकंदावर शटर सोडून कान द्यावा. आतली घरघर रेंगाळली, मध्येच थबकली, तर दोष ग्रीसचा. खरा इलाज म्हणजे कारागिराकडून जुनं वंगण काढून थंडीत न थिजणारं घालून घेणं. तोवर फोटोंच्या मधल्या वेळात कॅमेरा कोटाखाली ठेवावा, पण अंगालगत नको. घामाची वाफ लेन्सवर धरते आणि बाहेर काढताच गोठते.

दोष सेलचा असो की ग्रीसचा, फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर हळूच ओढावा. थंडीत फिल्म ठिसूळ होते, आणि कोरड्या हवेत झटक्याने ओढली तर स्थिर विजेच्या ठिणग्यांचे फांद्यांसारखे डाग तिच्यावर उमटतात.

उन्हाळ्यात बंद गाडीत कॅमेरा ठेवू नये, हेही इथेच सांगायला हवं. तापलेलं ग्रीस पातळ होऊन अॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या, पात्यांवर उतरतं, आणि पुढच्या थंडीत तीच पाती चिकटतात.