डांबरात रबर कसं आलं?

रस्ता उखडला की 'डांबरात भेसळ केली' हा आपला पहिला संशय. पण रस्ता टिकावा म्हणून डांबरात मुद्दाम काही मिसळण्यालाही निदान साठ वर्षांचा इतिहास आहे.

मूळ अडचण तापमानाची. नेहमीच्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुता बिंदू, म्हणजे ते मऊ पडण्याचं तापमान, किमान ४७ अंश हवा, असं मानक सांगतं. वैशाखातल्या दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापतो. मग सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या चाकांखाली थर दबतो आणि चाकोऱ्या पडतात. त्यावर उपाय म्हणून कडक डांबर घ्यावं, तर ते थंडीत आणि जुनं होता होता तडकतं.

अमेरिकेत फिनिक्स शहराचे अभियंता चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी १९६० च्या दशकात जुन्या टायरचा चुरा गरम डांबरात घोटला. रबर डांबरातली हलकी तेलं शोषून फुगतं आणि मिश्रण चिवट होतं. भेगाळलेल्या रस्त्यांवर त्यांनी ते वापरून पाहिलं. पुढे युरोपात एसबीएस हे कृत्रिम रबर, म्हणजे एक पॉलिमर, पुढे आलं. तीन ते पाच टक्के एसबीएस नीट मिसळलं, तर डांबरात त्याचं जाळं तयार होतं.

जाळ्याचा परिणाम प्रयोगशाळेत उघड दिसतो. नमुना दहा सेंटीमीटर ताणायचा, मधोमध कापायचा आणि तासभर थांबायचं. साधं डांबर बहुतांशी तसंच लोळत राहतं, पॉलिमरवालं बरंचसं आखडून मागे येतं. ट्रक गेल्यावर रस्त्यानेही तेच करावं, ही अपेक्षा.

रस्ते अभियंत्यांच्या 'भारतीय रस्ते काँग्रेस' या संस्थेने १९९९ मध्ये अशा डांबराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, २००४ मध्ये आयएस १५४६२ हे मानक आलं. मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन यांचे 'प्लास्टिकचे रस्ते' गाजले ते याच काळात. त्यांची पद्धत मात्र निराळी : प्लास्टिक तापलेल्या खडीवर टाकायचं, त्याचा पातळ लेप बसतो, मग डांबर ओतायचं. बातम्यांमध्ये या दोन गोष्टींची सरमिसळ होते, ती टाळलेली बरी.

बदललेलं डांबर दाट असतं, म्हणून ते जास्त तापवावं लागतं आणि रोलर ते गरम असतानाच फिरवावा लागतो. डंपर वाहतुकीत अडकला, माल निवला, तर थर नीट दबत नाही. पोकळ्यांतून पाणी शिरतं आणि खडी सुटते. महागडं पॉलिमर इथे फारसं काही करू शकत नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता 'रेकाँडो' कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर बांधला तो १९७० च्या दशकात, आयएस १५४६२ येण्याच्या पंचवीसहून अधिक वर्षं आधी. तो पुढे कित्येक दशकं खड्ड्यांवाचून टिकला. त्यामुळे निविदेत 'पीएमबी' (पॉलिमर मिसळलेलं डांबर) दिसलं तरी मी आधी पाणी वाहून नेणाऱ्या गटारांचं कलम शोधतो.