हिरव्या गठ्ठ्याचा मोह

घोड्यासाठी वाळलेलं गवत निवडताना हात आपसूक सगळ्यात हिरव्यागार गठ्ठ्याकडे जातो. त्यातून तपासणी अहवालात प्रथिनांचा आकडा मोठा असला, की सौदा पक्काच. पण तो आकडा थेट प्रथिनांचा नसतो. १८८३ साली योहान केल्दाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोजन मोजायची पद्धत शोधली. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून मोजलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचं. येतं ते ‘क्रूड प्रोटीन’. ओलसर असतानाच बांधलेलं गवत गठ्ठ्यात तापून तंबाखूसारखं तपकिरी पडतं, त्यातली काही प्रथिनं पचेनाशी होतात, तरी अहवालातला आकडा जवळपास तोच राहतो.

आता घोड्याकडे बघू. ५०० किलोच्या, काम नसलेल्या प्रौढ घोड्याला दिवसाला साधारण ६३० ग्रॅम क्रूड प्रोटीन पुरतं. आठ टक्क्यांच्या साध्या गवताचे दहा किलो खाल्ले, तरी ८०० ग्रॅम मिळतं. तेवढाच १८ टक्क्यांचा लसूणघास (ल्यूसर्न हा चारा) घातला तर १,८०० ग्रॅम! जास्तीचं प्रथिन शरीर साठवून ठेवत नाही. यकृतात त्याचा युरिया होतो आणि तो लघवीवाटे जातो. घोडा पाणी जास्त पितो, जमीन लवकर ओली होते आणि सकाळी तबेल्याचं दार उघडताच डोळे चुरचुरतात. लघवीतल्या युरियापासून तयार झालेला तो अमोनिया वायू रात्रभर घोड्याच्याही छातीत गेलेला असतो. निवांत घोड्याला असा घास पोटभर घालणं मला तरी पटत नाही.

नुकत्याच व्यायलेल्या घोडीचं गणित निराळं. तिला दीड किलोच्या आसपास प्रथिन लागतं, तिथे लसूणघास हवाच. वाढत्या शिंगरालाही तो मानवतो. त्याला लायसिन हे अमिनो आम्ल पुरेसं मिळायला हवं, आणि ते लसूणघासात साध्या गवतापेक्षा जास्त असतं. गाईचा हिशेब मात्र इथे लावू नये. गाईच्या पोटातले जिवाणू स्वतःच प्रथिनं तयार करतात आणि ती पुढे तिच्या लहान आतड्यात पचतात. घोड्याचे जिवाणू मुख्यतः लहान आतड्यानंतर येणाऱ्या मोठ्या आतड्यात असतात. त्यांनी केलेलं प्रथिन त्याच्या फारसं कामी येत नाही.

घास घ्यायचाच असेल तर गठ्ठा सोडून मूठभर काड्या हातात घ्या. बहुतेक प्रथिन पानांत असतं. फुलोरा सरल्यावर कापलेल्या घासाच्या काड्या जाड आणि कडक लागतात, पानं थोडीच उरतात. फार वाळलेला असेल तर तीही हात लावताच झडतात. गठ्ठा उचलल्यावर खाली हिरवा चुरा राहिला, तर घोडीसाठी पैसे मोजलेलं प्रथिन तिथे जमिनीवर सांडलेलं असतं.