नवतपा, कोंबडी आणि खाण्याची वेळ

नवतपा म्हणजे मे अखेरीस सुरू होणारे नऊ कडक उन्हाचे दिवस. त्याच्या तोंडावर, 23 मे 2013 ला, नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा उन्हात माणूस कूलरपुढून हलत नाही. कोंबडीला तर घामही येत नाही, कारण तिच्या अंगात घामग्रंथीच नसतात. शरीराचं तापमान 41-42 अंश. हवा त्याहून तापली की चोच उघडून धापा टाकण्यावाचून तिच्यापुढे दुसरा उपाय उरत नाही.

अंगणातल्या गावरान कोंबडीचं असं होत नसे. उजाडताच ती उकिरडा उकरायची, ऊन चढलं की निंबाखाली माती अंगावर घेऊन पडायची आणि दाणे टिपायला पुन्हा निघायची ती उन्हं कलल्यावर. 1960 च्या दशकात संकरित जाती आल्या, त्यांच्यासोबत पिंजरे आणि शेड आले. पुढे ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेला पक्षी, सहा आठवड्यांत दोन किलोंचा होऊ लागला. एवढ्या झपाट्याने वाढणारं अंग आतूनही तापतं. वर तापलेला पत्रा आणि समोर दिवसभर भरलेलं भांडं. कधी खायचं, कधी सावली धरायची, हे ठरवणं कोंबडीच्या हातून गेलं. माझ्या मते दुखण्याचं मूळ इथेच आहे.

खाल्लेलं पचताना उष्णता निघते आणि काही तासांनी ती सर्वाधिक असते. सकाळी दहाला खाल्लेला दाणा ऐन दुपारी, शेड तापलेलं असताना, अंग आणखी तापवतो. म्हणून भांडी ऊन चढण्याआधीच उचलायची आणि गारवा आला की पुन्हा ठेवायची. गावरान कोंबडी हेच करत होती.

खाद्यात काय घालायचं, यावर मात्र मत बदलत गेलं. उन्हाळ्यात पक्षी कमी खातो, म्हणून आधी प्रथिनं वाढवली जात. पण पचताना सर्वांत जास्त उष्णता प्रथिनांचीच. आता प्रथिनं थोडी कमी करून लायसिन, मेथिओनिन ही प्रथिनांतली गरजेची अमिनो आम्लं वेगळी देतात आणि ऊर्जेसाठी तेल वाढवतात.

धापांचा फटका अंड्यालाही बसतो. श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं, कवच घडवायला ते कमी पडतं आणि कवच पातळ होतं. 1980 च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कोंबड्यांना चक्क सोडावॉटर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड विरघळवलेलं पाणी, पाजून पाहिलं, ते यासाठीच. आपल्याकडे खाण्याचा सोडा आणि पोटॅशियम क्लोराइड वापरतात. क जीवनसत्त्व कोंबडी स्वतः तयार करते, पण उन्हात ते पुरत नाही, म्हणून तेही द्यावं लागतं. मात्रा अंदाजाने ठरवू नये. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 पासून आहे, तिथे विचारावं.

आणि पाणी. एरवी खाद्याच्या दुप्पट पिणारी कोंबडी मे महिन्यात चौपट पिते. पण छतावरच्या काळ्या टाकीतून आलेलं पाणी दुपारी दोनला हातावर घेतलं तर चटका बसतो, निपलला (पाणी पिण्याच्या तोटीला) चोच लावून ती मागे सरते. टाकीला ओलं बारदान गुंडाळा, पाइप सावलीतून न्या, साचलेलं गरम पाणी सोडून द्या. जूनच्या सुरुवातीला हे सैल सोडू नका. पारा उतरतो, पण हवेत दमटपणा येतो, आणि दमट हवेत धापांनीही अंग निवत नाही.