अपंगत्वाचा टक्का: वानवडी, प्रयागराज आणि मधली लढाई

लष्करातल्या सैनिकाचं अपंगत्व ठरवणारं मेडिकल बोर्ड, म्हणजे डॉक्टरांचं मंडळ, पुण्यात वानवडीच्या कमांड हॉस्पिटलात बसतं, अपंगत्व पेन्शनचा कागद प्रयागराजच्या लेखा कार्यालयातून निघतो आणि पहिलं व दुसरं अशी दोन्ही अपिलं फेटाळली गेली तर मुंबईतल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणापुढे उभं राहावं लागतं. सातारा-सांगलीकडचे कितीतरी माजी सैनिक या तीन गावांच्या मधे अडकलेले असतात. बाहेरच्यांना वाटतं, भांडण टक्क्यांचं आहे. खरं भांडण बहुतेक वेळा कारणाचं असतं: अपंगत्व सेवेमुळे आलं की नाही याचं.

जखमी सैनिकाला उभं करण्याचं काम पुण्याला नवं नाही. पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी सैनिकांसाठी 1917 मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली. 1944 मध्ये वानवडीत कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं, 1974 मध्ये खडकीत पॅराप्लेजिक सेंटर. गोळीने गेलेला पाय सगळ्यांना दिसतो, तिथे वाद फारसा होत नाही. फिट्स, हृदयविकार, बिघडलेलं मन यांचं तसं नसतं.

1961 च्या पेन्शन नियमावलीने दोन अटी घातल्या: अपंगत्व किमान 20 टक्के हवं आणि ते सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे बळावलेलं हवं. यातली दुसरी अट जीवघेणी ठरली. बोर्डाच्या कागदावर 'एनएएनए' असा शेरा पडला, म्हणजे आजार सेवेमुळे आला नाही आणि बळावलाही नाही असं ठरलं, की टक्का कितीही असो, अपंगत्व पेन्शन हातची जायची.

खरं तर 1982 चे पात्रता नियम सैनिकाच्या बाजूने लिहिलेले होते. भरतीच्या वेळी काही नोंद नसेल तर तो निरोगी होता असं धरायचं, पुरावा त्याच्याकडे मागायचा नाही, शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. तरीही 'आजार प्रकृतीतूनच आलेला' एवढ्या एका वाक्यावर दावे फेटाळले जात राहिले. भरतीत नखशिखान्त तपासून घेतलेला मुलगा काही वर्षांनी घरी पाठवला जातो आणि दुखणं मुळातच तुझं होतं असं त्याला सांगितलं जातं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्कराच्या सिग्नल्स म्हणजे संदेशवहन दलातल्या एका जवानाच्या खटल्यात हेच बजावलं: कारणं न देता बोर्डाने असा शेरा मारला तर तो ग्राह्य धरता येणार नाही. त्यानंतर न्यायाधिकरणातल्या असंख्य दाव्यांना याच निकालाचा आधार मिळाला.

टक्क्यांची कहाणी त्यामानाने सरळ आहे. दोन बोर्डांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून पाचव्या वेतन आयोगाने नेमक्या टक्क्याऐवजी ठरावीक पट्टे सुचवले आणि 31 जानेवारी 2001 च्या पत्राने ते 1996 पासून लागू झाले. 50 पेक्षा कमी असेल तर 50, 50 ते 75 असेल तर 75, त्यापुढे 100. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात. पगार 60,000 आणि अपंगत्व 30 टक्के असेल तर मूळ हिशेबाने 5,400 रुपये होतात, पट्ट्याने 9,000. महागाई भत्ता वेगळा. मात्र हा लाभ फक्त आजारपणामुळे सेवेतून काढलेल्यांना होता. त्याच दुखण्यासह पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्याला नाही. हा भेद 2014 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मोडला. सातव्या वेतन आयोगाने टक्क्यांऐवजी ठरावीक रकमा सुचवल्या होत्या, पण विरोधानंतर सरकारने टक्केच ठेवले.

मग 2023 साल आलं. अधिकाऱ्यांमध्ये अपंगत्वासह निवृत्त होणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा बरंच जास्त आहे, याकडे महालेखापरीक्षकांनी बोट दाखवलं. त्याच वर्षी 21 सप्टेंबरला नवे पात्रता नियम आले. अपंगत्व असूनही सेवेत राहून निवृत्त होणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेला आता 'इम्पेअरमेंट रिलीफ' म्हणतात. गैरफायदा घेणारे असतील तर त्यांना जरूर शोधावं, पण त्यासाठी सियाचीनहून दुखणं घेऊन आलेल्या शिपायावर पुराव्याचं ओझं पडू नये.

नवे नियम 21 सप्टेंबर 2023 पासून सेवेबाहेर पडलेल्यांना लागू आहेत. म्हणून कुणाचाही कागद हातात आला की टक्का वाचण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: सेवा सुटल्याची तारीख आणि बोर्डाने कारणाच्या रकान्यात नेमकं काय लिहिलं आहे ते. बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत घरी नसेल तर ती आधी सैनिकाची सेवेची कागदपत्रं सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवावी. अपील तिच्यावरच उभं राहतं.