पार्श्वभूमी : समुद्रबर्फाचा इतिहास शोधणारे पीएचडीचे विद्यार्थी परदेशी का जातात

काचेच्या बाटलीत पाच ग्रॅम सुका गाळ भरला की तो कुरिअरने जगात कुठेही पोहोचतो. तरीही ध्रुवीय समुद्रांच्या भूतकाळावर पीएचडी करणारे अनेक विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काही महिने दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत जाऊन बसतात. गाळ एकीकडे साठवलेला आणि तो वाचायची विद्या दुसरीकडे, हे त्याचे मूळ कारण.

आधी गाळाचे पाहू. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभरच्या समुद्रतळाचा चिखल वर आणला, पण तो वरवरचा होता. खोलवरचे थर क्रमाने हाती यायचे तर तळात नळी उभी घुसवावी लागते. नुसत्या वजनाने घुसवलेल्या नळीत गाळ कडेला घासतो आणि थर आखूड होतात. स्वीडनच्या कुलेनबर्गने नळीत दट्ट्या बसवून ही अडचण सोडवली आणि १९४७-४८ च्या 'अल्बाट्रॉस' मोहिमेत दहा मीटरांहून लांब कोअर, म्हणजे थर जसेच्या तसे राहिलेले गाळाचे उभे दंड, निघू लागले. या पद्धतीतही एक खोड आहे. दट्ट्या नेमका तळाशी थांबला नाही तर सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत अलीकडचा गाळ उडून जातो. म्हणून त्याच जागी वरच्या अर्ध्या मीटरसाठी वेगळे यंत्र सोडतात. प्रबंधात दोन्ही कोअर जोडताना सांधा चुकला, तर शेवटची काही शतके एकतर गायब होतात किंवा दोनदा येतात.

अशी जहाजे मोजक्या देशांकडे होती, त्यामुळे कोअरही त्याच देशांच्या शीतगृहांत गेले. १९६८ मध्ये 'ग्लोमार चॅलेंजर' या जहाजाने समुद्रतळाचे खोलवर खोदकाम सुरू केले; ते पुढे आंतरराष्ट्रीय झाले. पुढे तीन सामाईक भांडारांची वाटणी ठरली : अटलांटिक आणि आर्क्टिकचे कोअर जर्मनीतल्या ब्रेमेनला, पूर्व पॅसिफिक आणि दक्षिणी महासागराचे टेक्सासला, हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिकचे कोचीला. हे कोची केरळातले नव्हे, जपानच्या शिकोकू बेटावरचे. आपल्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या लक्ष्मी खोऱ्यात २०१५ मध्ये काढलेले कोअर पाहायचे तर वाट जपानला जाते. भारत या आंतरराष्ट्रीय खोदकाम कार्यक्रमात २००९ मध्ये सहयोगी सदस्य झाला.

भांडारात कोअर उभा चिरून दोन अर्धे करतात. एक जपणुकीचा, त्याला कोणी हात लावत नाही. दुसरा कामाचा, त्यातून मागणीनुसार नमुने मिळतात, तेही साधारण दहा घन सेंटीमीटर, आणि नेमकी किती खोली, कशासाठी आणि आधी कोणी काय मोजले आहे हे लेखी सांगितल्यावर. २००४ मध्ये समुद्राखालच्या लोमोनोसोव्ह पर्वतरांगेवर तीन बर्फफोडी जहाजांच्या मदतीने आर्क्टिकमधला चारशे मीटरांहून खोल गाळ पहिल्यांदा निघाला. ते कोअर जहाजावर चिरलेच नाहीत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रेमेनला शास्त्रज्ञ जमले आणि तिथे चिरले. मोहिमेचा निम्मा भाग जमिनीवर करायचा ही पद्धत अशा वेळी रुळली.

वाचायच्या विद्येचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. समुद्रबर्फ वितळला की पाणी होतो, मागे शिंपला ठेवत नाही. १९७० च्या दशकात क्लायमॅप प्रकल्पाने हिमयुगातल्या समुद्राचे नकाशे बनवले आणि नॉर्वेजवळचा समुद्र बारमाही बर्फाखाली दाखवला. पुढच्या अभ्यासांत तिथे उन्हाळ्यात खुले पाणी असल्याच्या खुणा मिळाल्या. उपग्रहांची अखंड नोंद १९७८ च्या अखेरीपासूनचीच. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिक बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर उतरला, तेव्हा याआधी असे कधी झाले होते का, हे सांगायला गाळाखेरीज साक्षीदार नव्हता.

साक्ष काढण्याच्या पद्धती एकेका प्रयोगशाळेत घडल्या. मॉन्ट्रियलच्या क्युबेक विद्यापीठात ॲन द व्हेर्नाल यांच्या गटाने डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांच्या कवचांवरून, म्हणजे सिस्टवरून, वर्षातले किती महिने बर्फ होता ते काढायची रीत बसवली. २०१३ पासून ब्रेमेन विद्यापीठ, ब्रेमरहाफेनची आल्फ्रेड वेगेनर संस्था आणि कॅनडातली आठ विद्यापीठे यांनी 'आर्कट्रेन' हा संयुक्त पीएचडी कार्यक्रम चालवला. त्यात जर्मन बाजूच्या विद्यार्थ्याने काही महिने कॅनडात काढणे हा अभ्यासक्रमाचाच भाग होता.

तिथे करायचे काय? सुमारे पाच घन सेंटीमीटर ओला गाळ घ्यायचा आणि त्यात लायकोपोडियम या वनस्पतीचे मोजलेले बीजाणू असलेल्या गोळ्या टाकायच्या. हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना विरघळवायचा (गोळ्याही त्यातच फसफसून सुटतात), १०६ आणि १० मायक्रॉनच्या चाळण्यांतून गाळून मधला भाग ठेवायचा, मग हायड्रोफ्लोरिक आम्लाने वाळूचे कण घालवायचे. हे दुसरे आम्ल काच खाते आणि कातडीतून हाडापर्यंत पोहोचते. त्यासाठी वाफा ओढून घेणारी वेगळी धूरपेटी आणि उतारा म्हणून हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लागते, शिवाय सुरक्षेचे प्रशिक्षण झाल्याशिवाय कोणी हात लावू देत नाही. मुक्कामाचे पहिले दिवस यातच जातात. ऑक्सिडीकरण करणारे रसायन मात्र टाळायचे. ब्रिगँटेडिनियमसारखी तपकिरी सिस्ट त्याने नष्ट होतात आणि उरलेली बेरीज भलतेच सांगते.

गोळ्यांचा हिशोब साधा आहे. समजा एकूण १८,००० बीजाणू टाकले आणि ३०० सिस्ट मोजताना १५० बीजाणू दिसले. मग नमुन्यात ३६,००० सिस्ट, म्हणजे घन सेंटीमीटरला ७,२००. पण गोळीतल्या बीजाणूंची सरासरी संख्या प्रत्येक बॅचची वेगळी असते. वहीत 'दोन गोळ्या' एवढेच लिहून बॅच क्रमांक राहिला, तर सगळ्या नमुन्यांचा आकडा अधांतरी राहतो. ही चूक अवघड नाही, म्हणूनच वारंवार होते.

खरी मेख मोजणीत. आयलँडिनियम मिन्युटम हे बर्फाळ पाण्याचे काटेरी, गोल, तपकिरी सिस्ट. एकिनिडिनियम कॅराएन्सेही तसेच दिसते, आणि सिस्ट घडी पडून बसले असेल तर फरक आणखी पुसट होतो. आकडे बर्फाच्या महिन्यांत बदलायला आजच्या समुद्रतळाच्या सुमारे दोन हजार नमुन्यांची संदर्भसूची वापरतात. जुन्या नमुन्याशी सर्वांत जुळणारे पाच आधुनिक नमुने शोधायचे आणि त्यांच्या जागी आज किती महिने बर्फ असतो त्याची भारित सरासरी घ्यायची. विद्यार्थ्याने नावे त्या सूचीच्या रिवाजाने दिली नाहीत तर जुळणीच चुकते, आणि संगणक तक्रार करत नाही. दोघांना एकाच वेळी पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकावर जाणकाराशेजारी बसून नजर बसवण्याला पर्याय नाही तो यासाठी.

इंग्लंडमधल्या प्लायमाउथमध्ये सायमन बेल्ट यांच्या गटाने २००७ मध्ये आयपी२५ हा रेणू पुढे आणला. वसंत ऋतूत आर्क्टिक बर्फातच वाढणारे काही डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाची सूक्ष्म शैवाले, तो बनवतात. गाळ गोठवूनच सुकवायचा, ठराविक प्रमाणात आंतरिक मानक रसायन टाकून मगच द्रावकाने रेणू काढायचे. मानक टाकायचे राहिले तर त्या नमुन्याचे प्रमाण काढता येत नाही. प्लास्टिकची बाटली वापरली तर तिच्यातली रसायने आलेखावर आगंतुक शिखरे उठवतात. सर्वांत फसवा आकडा शून्य : आयपी२५ सापडले नाही म्हणजे बर्फ नव्हता, किंवा इतका जाड आणि कायमचा होता की खाली प्रकाशच पोहोचला नाही. या पेचावर २०११ मध्ये ब्रेमरहाफेनच्या गटाने उघड्या पाण्यातल्या शैवालाचा रेणू सोबत धरून पीआयपी२५ हा निर्देशांक सुचवला.

भारताचा, म्हणजे गोव्याचा, या विषयाशी जोडलेला धागा दक्षिण गोलार्धातला. ६ डिसेंबर १९८१ रोजी पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम गोव्यातून निघाली. १९९८ मध्ये वास्कोला ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि २००४ मध्ये 'सागर कन्या'वरून दक्षिणी महासागराची मोहीम झाली. अंटार्क्टिकाभोवती मुख्य साक्षीदार डायटम. रायनर गेरसोंडे आणि सहकाऱ्याने २००० मध्ये दिलेला ठोकताळा असा : फ्रॅजिलॅरिओप्सिस कर्टा आणि सिलिंड्रस हे दोन डायटम मिळून ३ टक्क्यांहून अधिक असतील तर हिवाळी बर्फ तिथवर येत होता. तीनशे मोजणीत ३ टक्के म्हणजे फक्त नऊ कवचे. दोन ओळखायला चुकली तर सीमारेषा हलते.

मुक्कामाची लांबी अनेकदा शास्त्र नव्हे, व्हिसा ठरवतो. शेंगेन नियमात १८० दिवसांत ९० दिवस मिळतात, त्याहून जास्त राहायचे तर त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप सहा ते नऊ महिन्यांची. पार्सलवर नुसते 'माती' लिहिले की ते शेतमातीच्या तपासणीत अडकू शकते. 'वाळवलेला सागरी गाळ, संशोधनासाठी, व्यापारी मूल्य नाही' असे लिहून सोबत संस्थेचे पत्र लावावे.

'जॉइडेस रिझोल्यूशन' या खोदकाम जहाजाची शेवटची मोहीम २०२४ च्या उन्हाळ्यात स्वालबार्डच्या पश्चिमेला झाली. पुढच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला भांडारातले जुने कोअर जास्त येतील. सिस्ट टिकाऊ असल्याने त्यांच्यासाठी ते बरेचसे चालतात. आयपी२५ मात्र शून्याखाली न ठेवलेल्या, वर्षानुवर्षे हवा लागलेल्या गाळात हळूहळू ऑक्सिडीकरणाने कमी होते, आणि भांडारातले तापमान साधारण ४ अंश असते. नमुन्याची मागणी लिहिण्याआधी तो कोअर कोणत्या साली चिरला आणि तेव्हापासून कसा ठेवला, ही नोंद भांडाराकडून मागवून घ्यावी.