बायोस अद्ययावत करणे (नव्या प्रोसेसरसाठी)

संगणकाचे बटण दाबताच, विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याच्याही आधी, जी आज्ञावली चालते आणि प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांना कामाला लावते, ती बायोस होय. ती मदरबोर्डवरील एका लहान फ्लॅश चिपमध्ये साठवलेली असते. बोर्ड तयार झाल्यानंतर बाजारात आलेला प्रोसेसर त्याच बोर्डावर चालावा म्हणून या चिपमधील जुना मजकूर पुसून उत्पादकाने दिलेली नवी आवृत्ती लिहिण्याच्या क्रियेस बायोस अद्ययावत करणे म्हणतात. बोलण्यात ‘बायोस अपडेट’ आणि ‘बायोस फ्लॅश करणे’ हे शब्द रूढ आहेत. आजच्या बोर्डांवर प्रत्यक्षात यूईएफआय ही नवी रचना असते, तरी जुने नाव टिकून आहे.

प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरील त्याच्या बैठकीत, बसला म्हणजे चालणारच, असा समज पुष्कळांचा असतो व तो महागात पडतो. सॉकेटमुळे फक्त जोडणी होते. ओळख पटण्यासाठी त्या प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या अंतर्गत कामाच्या सूचना) आणि मेमरी सुरू करण्याच्या सूचना बायोसमध्ये असाव्या लागतात. एएमडी कंपनी या सूचनांचा गठ्ठा ‘अजेसा’ या नावाने बोर्ड-उत्पादकांना पुरवते. त्या नसल्या तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो, आणि निर्दोष प्रोसेसर खराब ठरवून दुकानात परत नेला जातो.

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण एएमडीच्या एएम४ सॉकेटचे आहे. २०१७ साली आलेल्या एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरपासून २०२० च्या अखेरीस आलेल्या ५००० मालिकेपर्यंत सॉकेट एकच राहिले. मात्र अनेक जुन्या बोर्डांवरील बायोसची चिप १६ मेगाबाइटचीच होती व इतक्या पिढ्यांच्या सूचना तिच्यात मावेनात. काही उत्पादकांनी बायोसची चित्रमय मांडणी साधी केली, काहींनी सर्वांत जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकला, तर एमएसआयने २०१९ मध्ये ३२ मेगाबाइटची चिप असलेले ‘मॅक्स’ बोर्ड काढले. मे २०२० मध्ये एएमडीने येणारे झेन ३ रचनेचे (५००० मालिकेतील) प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत असे जाहीर केले. ग्राहकांची नाराजी इतकी तीव्र होती, की त्याच महिन्यात हा निर्णय बदलावा लागला. २०२२ मध्ये त्याहून जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही अधिकृत आधार मिळाला. इंटेलच्या बाबतीत एलजीए १७०० सॉकेटच्या ६०० मालिकेतील बोर्डांवर १३ व्या पिढीचे प्रोसेसर बायोस बदलून चालतात. याउलट एलजीए ११५१ या एकाच नावाच्या सॉकेटमध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर बसत असले, तरी त्यांच्यासाठी इंटेलच्या ३०० मालिकेचा बोर्डच लागतो. तेथे उत्पादकाने दिलेल्या कोणत्याही अपडेटने काम होत नाही.

कोल्हापुरात शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीत साच्यांची त्रिमितीय आरेखने करणाऱ्या संगणकावर बी४५० बोर्ड (एएमडीच्या ४०० मालिकेतील) आणि २०१८ चा रायझन ५ २६०० आहे, असे समजू. सहा कोअरच्या या प्रोसेसरच्या जागी २०२२ चा आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स बसवता येतो. दोन्हींची वीज-मर्यादा ६५ वॅटचीच असून मेमरी, कॅबिनेट व पॉवर सप्लाय बदलावे लागत नाहीत. संपूर्ण नवा संगणक घेण्यापेक्षा हा मार्ग लहान कारखानदाराला निश्चितच परवडणारा आहे. त्यासाठी बोर्डावर छापलेले पूर्ण नाव व रिव्हिजन क्रमांक पाहून उत्पादकाच्या यादीत हवा तो प्रोसेसर कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो, हे आधी पाहावे. काही बोर्डांवर मधली एखादी आवृत्ती टाकल्याशिवाय शेवटची टाकता येत नाही.

जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच फ्लॅश करावे; हा क्रम चुकला तर पुढचे सारे अडते. उतरवलेली फाइल फॅट३२ स्वरूपाच्या पेनड्राइव्हवर घेऊन बायोसमधीलच सोयीने लिहिली जाते. या सोयीला असूस ‘ईझी फ्लॅश’, एमएसआय ‘एम-फ्लॅश’ आणि गिगाबाइट ‘क्यू-फ्लॅश’ म्हणते. त्याआधी डिस्कला बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) लावलेले असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, कारण प्रोसेसर बदलताच त्यातील टीपीएमची (कुलपाची की जपणाऱ्या सुरक्षा भागाची) नोंद जाते आणि की नसेल तर डिस्कवरील काम हाती लागत नाही.

लिहिण्याची ही काही मिनिटे वीज जाता कामा नये. पंचगंगेच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर या काळात पाऊस व वाऱ्याने वीज केव्हाही जाऊ शकते, म्हणून बॅटरी चांगली असलेल्या यूपीएसवरच, आणि शक्यतो उघडीप असताना, हे काम करणे शहाणपणाचे आहे. मध्येच वीज गेली तर चिपमध्ये अर्धवट मजकूर राहतो व बोर्ड उठत नाही. अशा वेळी काही बोर्डांवरील दुसरी राखीव बायोस चिप किंवा मागील बाजूचे फ्लॅशबॅक बटण उपयोगी पडते. दोन्ही नसल्यास चिपला क्लिप लावून प्रोग्रामर यंत्राने मजकूर भरावा लागतो, आणि ते काम जाणकार दुरुस्तीवाल्याकडेच द्यावे.

फ्लॅशबॅक बटणाला प्रोसेसरची गरज नसते. पॉवर सप्लायच्या जोडण्या आणि ठरावीक नाव दिलेली फाइल पुरते. त्यामुळे जुन्या साठ्यातील बोर्ड व नवा प्रोसेसर एकत्र घेणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे. ती नसलेला बोर्ड राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत घेताना, बिल करण्यापूर्वीच दुकानदाराकडून बायोस अद्ययावत करून मागावे.

प्रोसेसर बसवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना मेमरीची जुळवणी चालते, तेव्हा पडदा काही वेळ काळा राहणे स्वाभाविक आहे. मात्र जुना प्रोसेसर २४००जी सारखा अंगभूत ग्राफिक्स असलेला आणि नवा तसा नसेल, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड लावेपर्यंत चित्र येणार नाही. हा बायोसचा दोष समजून पुन्हा पुन्हा फ्लॅश करू नये. अपडेटनंतर सर्व सेटिंग मूळ स्थितीत जातात, तेव्हा मेमरीचा वेग आणि डिस्कचा क्रम पुन्हा निवडावा लागतो.